बीपी १०४ होतं, पण बाई बऱ्या दिसत नव्हत्या

पत्र थोडक्यात:
सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेचं हे पत्र आहे. वय चोवीस, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झालेली. जुलैतल्या एका रात्री वॉर्डात ती आणि एक मावशी अशा दोघीच होत्या. त्या दिवशी सकाळी एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचं कमरेत भूल देऊन गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. बाईंना ब्लडप्रेशरचा जुना त्रास, दाखल होताना बीपी १४८/९०. संध्याकाळी सहाला नाडी ८४ आणि बीपी १२६/८०. रात्री दहाला ९६ आणि ११२/७८. बाराला १०८ आणि १०४/८०. ऑक्सिजन ९५, ताप नाही, ड्रेनमध्ये (पोटात साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) जेमतेम २० मिली. सहा ते बारा या वेळात युरोबॅगमध्ये ९० मिली लघवी. बाई सारख्या चादर ओढून काढत होत्या, पाणी मागत होत्या आणि विचारलं की म्हणत होत्या, "काय नाय गो, बरां आसा." पत्र लिहिणाऱ्या या वाचक सिस्टरला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. तिने साडेबाराच्या सुमारास डॉक्टरांना घरी फोन करून "सर, पेशंट ठीक वाटत नाही" असं सांगितलं. "बीपी किती?" "एकशे चार." "मग ठीक आहे. दुखत असेल, ट्रॅमाडॉल दे, झोपू दे." पावणेतीनला बीपी ८४ झालं. पुन्हा फोन केल्यावर डॉक्टर लगेच आले. पोटात रक्त साठलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून रक्त आणून पहाटे पुन्हा ऑपरेशन झालं. बाई वाचल्या, घरी गेल्या.

नंतर सीनियर सिस्टरनी तिला बजावलं: बीपी शंभरच्या खाली गेल्याशिवाय रात्री फोन करायचा नाही, 'वाटतंय' म्हणून कोणी उठून येत नाही. वाचक विचारते: आकडे नॉर्मल असताना मनाला जे वाटतं त्यावर किती विश्वास ठेवायचा? दर वेळी फोन केला तर घाबरट म्हणतील, नाही केला तर कोणाचा तरी जीव जाईल. पुण्यात एका आयसीयूत नोकरी मिळतेय. तिथे मॉनिटर असतात, आपल्याला काही ठरवावं लागत नाही. जाऊ का? आणि त्या बाई पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार आहेत, त्यांच्यासमोर जायचा धीर होत नाही.

प्रिय सिस्टर,

तुझ्या पत्रात 'आकडे तर नॉर्मल होते' हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. तुझा सगळा गोंधळ त्या एका समजुतीवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ते आकडे नॉर्मल नव्हते.

एकेक सुटा घेतला तर प्रत्येक आकडा चालण्यासारखा दिसतो, हे खरं. नाडी १०८, ऑपरेशन झालंय, दुखतंय, चालायचंच. वरचं बीपी १०४, बारीक अंगाच्या बायकांचं तेवढं असतंच. पण हेच आकडे एकाखाली एक मांड. नाडी ८४, ९६, १०८. वरचं बीपी १२६, ११२, १०४. एक सारखी चढतेय, दुसरं सारखं उतरतंय, आणि बाराच्या नोंदीत नाडीचा आकडा वरच्या बीपीला मागे टाकून गेलाय. नाडीला वरच्या बीपीने भागून जो आकडा येतो त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. धडधाकट मोठ्या माणसात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. या बाईंचा सहाला ०.६७ होता, दहाला ०.८६, बाराला १.०४. भागाकार करत बसायला वेळ नसला तरी हरकत नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी वरच्या बीपीच्या पुढे गेली की फोन उचलायचा, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतरही बघ. सहाला ४६, दहाला ३४, बाराला २४. रक्त कमी पडायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यामुळे खालचं बीपी टिकून राहतं आणि वरचं तेवढं घसरतं. खालचं ८० बघून आपल्याला हायसं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

शिवाय १०४ कोणाचं? ज्यांचं दाखल होताना १४८ होतं, त्यांचं. दाखल होताना घाबरून थोडं वाढलेलं असेल, असं धरू. कमरेतल्या भुलीने बीपी उतरतं हेही खरं, पण सकाळच्या स्पायनलचा असर मध्यरात्रीपर्यंत उरत नाही. ज्या बाई एरवी १४० च्या घरात वावरतात त्यांना १०४ हे पुस्तकातलं नॉर्मल काय कामाचं? खाडीच्या काठावर उभं राहून पाण्याकडे एकदाच पाहिलं तर भरती आहे की ओहोटी हे कळत नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहावं लागतं. तू तीनदा पाहिलं होतंस. तिन्ही नोंदी टीपीआर शीटवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, तुझ्याच हातच्या आहेत. तुला जे 'वाटलं' ते हवेतून आलेलं नव्हतं, त्या तीन नोंदी तुझ्या डोक्यात आपोआप एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. फक्त ते शब्दांत मांडायला तुला कोणी शिकवलं नव्हतं.

आता सीनियर सिस्टरच्या नियमाकडे येऊ. बीपी शंभरच्या खाली गेल्याशिवाय फोन नाही. हा नियम फक्त तुमच्या रुग्णालयात आहे असं समजू नकोस, कुठे भिंतीवर लिहिलेला नसला तरी खूप वॉर्डांत तो पाळला जातो. आणि तो घातक आहे. अपघातातल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जगभर जे शिकवतात त्यानुसार, एरवी निरोगी असलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातलं १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बहुधा टिकून असतं. त्या टप्प्यात नाडी वाढते, श्वास वाढतो, लघवी कमी होते, माणूस बेचैन होतो. बीपी ठळकपणे कोसळतं ते ३० टक्क्यांच्या पुढे. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं, म्हणजे एक लिटर रक्त पोटात सांडेपर्यंत बीपीचं यंत्र गप्प राहू शकतं. बीपी पडायची वाट पाहायची म्हणजे ते एक लिटर जाऊ द्यायचं. तुझ्या सीनियरना हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. त्यांनी बरीच वर्षं रात्रीच्या फोनवर बोलणी खाल्ली असतील आणि त्यातून स्वतःला वाचवायला हा नियम धरला असेल. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना हे आकडे कागदावर मांडून दाखव. अनुभवी बाईच्या ते चटकन लक्षात येईल.

एक आकडा मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही. श्वास. तू लिहिला नाहीस, आणि मला खात्री आहे की शीटवर १८ किंवा २० लिहिलेलं असणार, अख्ख्या वॉर्डाचं लिहिलेलं असतं तसं. हे मी तुला टोचायला म्हणत नाही, सगळीकडे हेच चालतं. पण बिघडायला लागलेल्या पेशंटमध्ये फार वेळा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासाचा वेग, आणि तोच आपण मोजत नाही, कारण तो मोजायला यंत्र नाही आणि पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. मनगट नाडी बघतोय असं धरून ठेवायचं आणि नजर छाती-पोटावर ठेवायची. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. घड्याळात पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नकोस, एका श्वासाची चूक चार होते.

याने काय फरक पडला असता ते दाखवते. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर' आणला आणि २०१७ साली सुधारला; बोलताना त्याला 'न्यूज-२' म्हणतात. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान या सहांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे आणि पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की आणीबाणी. कुठल्याही एका गोष्टीला ३ गुण पडले तरी बोलवायचं. तुझ्या बाईंचे रात्री बाराचे गुण बघ: नाडी १०८ ला १, बीपी १०४ ला १, ऑक्सिजन ९५ ला १. तीन झाले. शीटवरच्या १८ श्वासाला शून्य. आता समज, तू मोजला असतास आणि तो २२ निघाला असता. २१ ते २४ ला २ गुण आहेत. बेरीज पाच. 'ठीक वाटत नाही' या तीन शब्दांच्या जागी तुझ्या हातात एक आकडा आला असता. हा तक्ता सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावायचा नाही. आणि तो नेहमीचं बीपी किती हे विचारत नाही, १४८ वरून १०४ आणि ११० वरून १०४ दोन्हीला एकच गुण देतो. तेवढं डोकं आपलं चालवावं लागतं. तरी एका पानावर मावणारी ही गोष्ट नर्सिंग स्टेशनला चिकटवायला कोणाची हरकत असू नये.

तू विचारतेस, मनाला वाटतं त्यावर किती विश्वास ठेवायचा. मी म्हणेन, पूर्ण ठेव, पण ते वाटणं म्हणजे तपासणीची सुरुवात समज. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं की परिचारिकेला पेशंटबद्दल काळजी वाटते ती नेमकी कशाने. यादी अशी निघाली: श्वासातला बदल, हातापायांचा रंग आणि गारवा, हुडहुडी, बोलण्या-समजण्यातला फरक, बेचैनी, दुखणं, ज्या गतीने बरं वाटायला हवं तसं न वाटणं, पेशंटने स्वतः बरं नाही म्हणणं, आणि शेवटी कारण सांगता येत नसतानाही मनाची पटलेली खात्री. यातल्या बऱ्याच गोष्टी आकडे बिघडायच्या आधी दिसतात. म्हणजे काहीतरी बिनसलंय असं वाटलं की ही यादी घेऊन पलंगाजवळ परत जायचं आणि बघायचं, यातलं मला काय दिसलं?

आपल्या कोकणातच याचं मोठं उदाहरण आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी रात्ररात्र बसले. नाडी, घाम, गार पडलेले हातपाय, छातीतली घरघर यांच्या तासातासाच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. आयसीयू नव्हतं, मॉनिटर नव्हता. त्या निरीक्षणांतून पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि तीव्र विंचूदंशातले मृत्यू ४० टक्क्यांच्या आसपास होते ते १ टक्क्यापर्यंत खाली आले. हातपाय पुन्हा उबदार होणं हीच तिथे बरं होण्याची खूण होती. तुझा तळहात हे काही कमी दर्जाचं साधन नाही. रात्री पावसाने वीज गेली आणि इन्व्हर्टर बसला तरी तो चालतो.

म्हणून आता त्या पलंगाशी परत जाऊ. रात्री बारा वाजता, अशा बाईंजवळ मी काय बघितलं असतं ते सांगते. पहिल्यांदा पाय. घोट्यापासून वर हात फिरवत न्यायचा, गारवा कुठे संपतो ते बघायचं. पावलंच गार आहेत की गुडघ्यापर्यंत? बोटाचं नख दाबून सोडायचं, रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नोंद करायची. मग चादर पूर्ण बाजूला. बाईंना कुशीवर करून पाठीखाली आणि मांड्यांखाली हात घालायचा, कारण रक्त वरच्या पट्टीवर दिसायच्या आधी खाली ओघळून गादीत मुरतं. पॅड बघायचा. पट्टीवर डाग असेल तर पेनने त्याची कड आखून शेजारी वेळ लिहायची, म्हणजे तासाभराने वाद राहत नाही. पोटावर हात ठेवायचा, मघापेक्षा ताठ लागतंय का, फुगलंय का.

ड्रेनमध्ये २० मिली बघून तुला धीर आला, असं तू लिहिलंयस. रिकाम्या ड्रेनने कधी धीर धरायचा नाही. नळी गुठळीने बुजलेली असू शकते, वाकलेली असू शकते, रक्त पोटात दुसऱ्याच कोपऱ्यात साठत असू शकतं. ड्रेन भरला तर ती बातमी आहे. रिकामा असला तर त्यातून काहीच कळत नाही. लघवीचं मात्र कळतं. ताशी किलोमागे अर्धा मिली हा ढोबळ हिशोब. बावन्न किलोच्या बाईला सहा तासांत १५६ हवी होती, आली ९०. ही नोंद तुझ्या इनटेक-आउटपुट चार्टवर होती, पण फोनवर निघाली नाही.

आणि बोलणं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका मरणाच्या दारातही "बरां आसा" म्हणतील. डॉक्टरांना, सिस्टरना त्रास कशाला, ही त्यांची रीत आहे. "बरं आहे का?" हा प्रश्नच त्यांना विचारू नये. "मघापेक्षा आता काय वेगळां वाटता?" असं विचार, म्हणजे एक पूर्ण वाक्य बोलावं लागेल. एका दमात बोलतात की मध्ये थांबतात, शब्द नीट येतात का, नजर तुझ्याकडे आहे का, हे सगळं त्यातच दिसतं. घरचं माणूस जवळ असेल तर त्याला विचार. "आये अशी नसता कधी" असं सुनेने म्हटलं तर त्याला पल्सऑक्सिमीटरइतकीच किंमत दे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या 'मार्थाज रूल'मध्ये घरच्यांना स्वतःहून दुसऱ्या पथकाला बोलवायचा हक्क दिलाय, तो याच अनुभवातून. मार्था ही तेरा वर्षांची मुलगी बिघडतेय हे तिचे आईवडील सांगत राहिले आणि कोणी ऐकलं नाही.

बीपीच्या पेशंटबद्दल एक छोटी गोष्ट. कुठली गोळी चालू आहे हे बघून ठेव. एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर रक्त जात असतानाही नाडी म्हणावी तशी चढत नाही. अशा पेशंटची ८८ देखील शंकेची असू शकते.

आता फोन. तू फोन करायला धजावलीस, हे आधी स्वतःला सांग. कितीतरी जणी करत नाहीत. पण "सर, पेशंट ठीक वाटत नाही" हे ऐकून गाढ झोपेतून उठलेला माणूस करणार काय? त्याने दिवसभर ओपीडी आणि ऑपरेशनं केलेली असतात. त्याला पलंग दिसत नाही, तो तुझ्या शब्दांतूनच बघतो. त्याने एकच आकडा विचारला, तू एकच दिलास, आणि त्या एका आकड्यावर त्याने निर्णय घेतला. मी डॉक्टरांना मोकळं सोडत नाही. सकाळी ऑपरेशन केलेल्या पेशंटबद्दल रात्री फोन आला तर नाडी आणि लघवी विचारायला हवी होती. पण त्यांची बाजू तू बदलू शकत नाहीस, तुझी बदलू शकतेस. असं बोलून बघ:

"सर, फिमेल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड सात, आज सकाळी पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बाई. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. सहाला पल्स ८४ होता, आता १०८. बीपी १२६ वरून १०४ वर आलंय, अॅडमिशनला १४८ होतं. श्वास मोजून २२. सहा तासांत युरिन ९०. ड्रेन २०, पण पोट मघापेक्षा ताठ लागतंय. पाय गुडघ्यापर्यंत गार आहेत, बाई बेचैन आहेत, सारखं पाणी मागतायत. तुम्ही येऊन बघायला हवं. किती वेळात पोचाल? तोवर शिरेत दुसरा इंट्राकॅथ लावून ठेवते. आरएल सलाइन कितीने चालवू? हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचला रक्त काढून ठेवू का?"

मोठ्याने वाचून बघ, अर्धं-पाऊण मिनिट लागतं. कोण, काय झालं, पूर्वी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवं, हा क्रम 'एसबार' नावाने नर्सिंगमध्ये शिकवतात. अमेरिकन नौदलातून तो रुग्णालयांत आला. यातलं सगळ्यात अवघड वाक्य "मला ब्लीडिंगची शंका येतेय" हे आहे. निदान करणं आपलं काम नाही असं आपल्याला इतकं शिकवलेलं असतं की शंकाही तोंडातून निघत नाही. शंका सांगणं म्हणजे निदान करणं नव्हे. ती निर्धास्त सांग. आणि फोन करण्याआधी हे सगळं कागदावर लिहून घे, आवाज कापत असला तरी वाचता येतं.

एवढं बोलूनही "झोपू दे" असं उत्तर आलं तर? मग विचारायचं, "ठीक आहे सर, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघते. पल्स ११० च्या वर गेला, किंवा तासाभरात लघवी २५ च्या आत राहिली, तर फोन करू ना?" असं बोलून ठेवलं की पुढचा फोन ठरलेला असतो, त्रास देणारा नाही. सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखव. केस पेपरवर वेळ, तू दिलेले आकडे आणि आलेली सूचना लिहून ठेव, कुणाला अडकवायला नाही, सकाळी पाळी हाती घेणाऱ्या सिस्टरला खरं चित्र मिळावं म्हणून. तुझा पहिला फोन साडेबाराचा, दुसरा पावणेतीनचा. मधल्या वेळात तू दम्याच्या एका आजोबांजवळ होतीस हे तू लिहिलंयस, आणि दोघींनी वॉर्ड सांभाळताना तसं होणारच. पण नाडी किती वेळाने बघायची, हे वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. ऑर्डर चार तासांची असली तरी तू पंधरा मिनिटांनी बघू शकतेस. मावशींना सांगून ठेवता येतं, "बेड सातजवळ बसा, काही वेगळं वाटलं तर हाक मारा." आमच्या मावशींनी अशा हाकांनी माणसं वाचवलेली मी पाहिली आहेत.

आणि डॉक्टर आलेच नाहीत तर कोणाला फोन करायचा, ही यादी रात्री साडेबाराला शोधायची गोष्ट नाही. आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येतात आणि केस संपली की जातात, आरएमओ, म्हणजे रुग्णालयातच राहणारा डॉक्टर, असतोच असं नाही. दिवसा, राउंड झाल्यावर, डॉक्टरांचा मूड बरा असताना सीनियर सिस्टरना बरोबर घेऊन बोल: कुठल्या आकड्यांना फोन करायचा, आणि फोन लागला नाही किंवा डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनात असले तर पुढचं नाव कोणाचं. अर्ध्या पानावर लिहून त्यांची सही घे. बहुतेक डॉक्टर याला नाही म्हणत नाहीत, त्यांनाही रात्रीचा अंदाजाचा खेळ नकोच असतो.

इथे आपल्या मुलखाचा विचार करायलाच हवा. मोठ्या शहरात चुकीच्या वेळी केलेला फोन आणि योग्य वेळी केलेला फोन यांत फार फार तर एका मजल्याचं अंतर असतं. आपल्याकडे मध्ये घाट असतो. कणकवलीहून कोल्हापूरला न्यायचं तर गगनबावड्याचा घाट किंवा फोंडा, रत्नागिरीहून आंबा घाट, चिपळूणहून कऱ्हाडला कुंभार्ली. सावंतवाडीकडचे पेशंट बांबोळीला गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातात. जुलैत दरड कोसळली की रस्ताच नाही. १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलावली तरी ती यायला वेळ, रक्त मागवायचं तर जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस पाठवायला वेळ. बीपी ८४ झाल्यावर घाटात निघालेला पेशंट आणि १०४ असताना निघालेला पेशंट यांच्या प्रवासात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आपण शहरापेक्षा लवकर, थोड्याशा शंकेवरच फोन करायला हवा. दहा फोनांतले सात-आठ विनाकारण निघाले तरी ती किंमत रास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यासाठी कोणी घाबरट म्हणालं तर म्हणू दे.

त्या रात्री 'झोपू दे' म्हणाले म्हणून आणखी एक सांगते, तुझ्यासारख्या इतर मुलींनाही उपयोगी पडेल. बेचैन पेशंट निदान आपलं लक्ष वेधतो. ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, मॉर्फिनसारखी औषधं दिलेला पेशंट मात्र शांत घोरत असतो आणि आपण "छान झोपलीय" म्हणून पुढे जातो. घोरणारा, हाक मारून उठायला वेळ लावणारा, बोलता बोलता डोळे मिटणारा पेशंट छान झोपलेला नसतो. आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचा आकडा ९७-९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अशाला खांद्याला हात लावून उठवायचं आणि श्वास मोजायचा. आठ किंवा त्याहून कमी असेल तर पुढचा डोस थांबवायचा, जागं ठेवायचं आणि ताबडतोब फोन करायचा. झोपमोड होईल याची पर्वा करू नये.

पुण्याचं. जायचं तर जा, आयसीयूत व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, इन्फ्यूजन पंप शिकायला मिळतील, तिथे एका सिस्टरकडे मोजकेच पेशंट असतात. शिकण्यासाठी जाणार असशील तर मी आनंदाने हो म्हणेन. पण 'तिथे ठरवावं लागत नाही' या आशेने जाणार असशील तर तिथे तुझी घोर निराशा होईल. मॉनिटर दिवसभर वाजतो. हात हलला तरी वाजतो, इलेक्ट्रोड सुटला तरी वाजतो. कुठला गजर खरा आणि कुठला खोटा हे प्रत्येक वेळी सिस्टरच ठरवते, आणि वैतागून गजर बंद करून ठेवण्याचा मोह तिथे रोज होतो. घाबरलेल्या मनाने नोकरी सोडू नकोस. चार-सहा महिने थांब, हे फोनचं आणि श्वास मोजण्याचं वळण हाताला लागू दे, मग ठरव. तुमच्या त्या तीस खाटांच्या रुग्णालयात रात्रीचा मॉनिटर तूच आहेस. तुझी जागा घेणारी दुसरी मुलगी मिळायला त्यांना किती वेळ लागेल हे तुलाही माहीत आहे. पण ते ओझं मी तुझ्या खांद्यावर टाकणार नाही, तू गेलीस तर दोष तुझा नाही.

राहिल्या त्या बाई. त्यांना भेट. टाळू नकोस. घरच्यांनी विचारलं "त्या रात्री काय झालं?" तर तू काय पाहिलंस, किती वाजता फोन केलास, एवढं खरं सांग, ऑपरेशनात काय निघालं हे सांगणं डॉक्टरांचं काम, तिथे त्यांच्याकडे पाठव. आणि बाई एकट्या असतील तेव्हा जवळ बसून विचार, त्या रात्री तुमका पयलां काय वेगळां वाटलां? तहान आधी लागली की जीव घाबरला? डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, आणि कधी? तेव्हा मी तुम्हाला कोणता प्रश्न विचारला असता तर तुम्ही "बरां आसा" म्हटलं नसतं? त्या जे सांगतील ते घरी जाऊन वहीत लिहून ठेव, त्यांच्याच शब्दांत.